मॉरिशसची सहल आणि न दिसणारे सिमकार्ड

मे महिन्याची किंवा दिवाळीची सुटी जवळ येऊ लागली की मराठी मध्यमवर्गीय घरांतून प्रवासाचे बेत शिजू लागतात. एके काळी या बेतांची धाव महाबळेश्वरपर्यंत, फार तर काश्मीरपर्यंत असे. आता ती समुद्र ओलांडून गेली आहे. मॉरिशसला जाण्यासाठी भारतीय पारपत्रधारकाला आगाऊ व्हिसा काढावा लागत नाही. मुंबईहून थेट विमान मिळते आणि सहा-साडेसहा तासांत माणूस हिंदी महासागराच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात जाऊन पोहोचतो. माध्यमिक शाळेतील शिक्षक किंवा सरकारी कचेरीतील लिपिक दोन-तीन वर्षांची बचत बाजूला काढून सहकुटुंब तेथे जाऊन येतो, यात आता नवल राहिलेले नाही. तिकिटे, हॉटेल, विमा, परकीय चलन ही सारी कामे उरकल्यावर निघण्याच्या आठवड्यात एक प्रश्न शिल्लक राहतो. तो किरकोळ वाटतो, आणि म्हणूनच घरातील सर्वांत तरुण माणसावर सोपवला जातो. तेथे पोहोचल्यावर मोबाईलवरील इंटरनेटचे काय करावयाचे, हा तो प्रश्न.

त्यावर अलीकडे एक तयार उत्तर मिळते : ई-सिम घ्या. १९९१ मध्ये म्युनिकच्या एका कंपनीने फिनलंडमधील मोबाईल सेवेसाठी पहिली सिमकार्डे तयार केली, तेव्हा त्यांचा आकार आजच्या एटीएम कार्डाएवढा होता. पुढे ते कार्ड झिजत झिजत नखाएवढे झाले आणि गेल्या काही वर्षांत तर ते दिसेनासेच झाले. ई-सिम म्हणजे फोनमध्ये कारखान्यातच बसवलेली एक छोटी चकती. मोबाईल कंपनीचा तपशील तीत इंटरनेटवरून उतरवून घेता येतो. त्यासाठी क्यूआर कोडचा चौकोन फोनच्या कॅमेऱ्याला दाखवला की पुरे. पुण्यात वा नागपुरात घरबसल्या, रात्रीचे जेवण झाल्यावर, मॉरिशसची इंटरनेट जोडणी विकत घेता येते आणि विमानतळावर रांगेत उभे राहण्याचा त्रास वाचतो. या सोयीला नाक मुरडण्याचे काहीच कारण नाही.

तथापि या खरेदीचे एक वैशिष्ट्य आहे आणि ते चिंता वाटावी असे आहे. विकत घेणाऱ्याला आपण काय विकत घेत आहोत हे कळत नाही. किती जीबी आणि किती दिवस एवढे दोन आकडे त्याला ठळकपणे सांगितले जातात. ही जोडणी तेथील कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर चालणार, वेग कधी आणि कितीने खाली येणार, मुदत कोणत्या क्षणापासून मोजली जाणार आणि आपला मजकूर कोणत्या देशातून फिरून येणार, हे बहुधा सांगितलेच जात नाही. सांगितले तर अशा बारीक अक्षरांत की ते न सांगितल्यासारखेच असते. शिफारस करणारे पुष्कळ भेटतात. पण त्यांतील अनेकांना प्रत्येक विक्रीमागे दलाली मिळते. दुसऱ्या बाजूस सरकार या व्यवहाराकडे पाहते ते मुख्यतः गुन्हेगारीच्या भिंगातून. विक्रेत्याच्या दृष्टीने प्रवासी हे सावज आणि सरकारच्या दृष्टीने संशयित. तो ग्राहक आहे, याचे भान मात्र कोणालाच पुरेसे नाही.

घरचा क्रमांक आधी

ई-सिमची निवड करताना सर्वांत स्वस्त कोणते, हा प्रश्न पहिला नव्हे. भारतीय क्रमांक प्रवासभर जिवंत राहील की नाही, हा पहिला प्रश्न होय. आपल्याकडे बँकेचा व्यवहार, कार्डाची खरेदी, आयकराचे खाते, रेल्वेचे तिकीट या सर्वांच्या दारावर ओटीपी नावाचा द्वारपाल बसला आहे आणि तो एसएमएसच्या रूपाने भारतीय क्रमांकावरच येतो. परदेशात हॉटेलवाल्याने कार्ड घासले आणि बँकेने पडताळणीचा आकडा मागितला, तेव्हा तो आकडा घरी पाकिटात काढून ठेवलेल्या सिमवर येऊन उपयोग काय? शिवाय १२ फेब्रुवारी २०२४ पासून मॉरिशसमध्ये भारतीय प्रवाशांसाठी यूपीआयने पैसे देण्याची सोय सुरू झाली. ही सोय वापरायची तर दोन गोष्टी हव्यात : हाताशी इंटरनेट, आणि ज्या सिमवर यूपीआयची नोंदणी झाली आहे ते सिम फोनमध्येच असणे. सिम काढले की काही ॲप पुन्हा पहिल्यापासून नोंदणी मागतात, आणि त्या नोंदणीसाठी एसएमएस पाठवावा लागतो. दूरसंचार खात्याने तर नोव्हेंबर २०२५ मध्ये संदेशवहनाच्या ॲपनाही असाच आदेश दिला की, ज्या क्रमांकावर खाते उघडले ते सिम फोनमध्ये असल्याशिवाय सेवा चालू ठेवू नये. वारा कोणत्या दिशेने वाहत आहे हे यावरून स्पष्ट होते.

म्हणून भारतीय सिम काढून त्या जागी परदेशी सिम घालण्याची जुनी पद्धत आता धोक्याची झाली आहे आणि ई-सिमचा खरा लाभ येथेच आहे. ते भारतीय सिमच्या शेजारी बसते, त्याला उठवत नाही. भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवावे, पण त्यावरील डेटा कटाक्षाने बंद ठेवावा. इंटरनेट फक्त ई-सिमवर. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला आपल्या कंपन्या सहसा पैसे लावत नाहीत. मात्र येणारा फोन उचलला तर पैसे पडतात. प्रीपेड ग्राहकाला तर रोमिंग सुरू होण्यासाठी आधी काही किमान रक्कम भरावी लागू शकते. ती चौकशी मुंबईच्या विमानतळावर करण्याची नव्हे, आठवडाभर आधी करण्याची आहे.

येथे एक चूक वारंवार घडण्यासारखी आहे. ज्यांच्या फोनमध्ये प्लास्टिक-सिमची एकच जागा आहे असे काही लोक निघण्याच्या आदल्या दिवशी आपले भारतीय सिमच ई-सिममध्ये बदलून घेतात. सिमच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीला आळा घालण्यासाठी दूरसंचार खात्याने २०२२ मध्ये असा नियम केला की, सिम बदलल्यानंतर चोवीस तास त्या क्रमांकावरील एसएमएस बंद राहावेत. नियम योग्यच आहे. पण त्याची माहिती नसलेला प्रवासी नेमक्या त्या चोवीस तासांत विमानात बसतो आणि उतरल्यावर ओटीपीची वाट पाहत राहतो.

ज्यांचा फोन ई-सिम स्वीकारतच नाही त्यांनी वाईट वाटून घेण्याचे कारण नाही. स्टार, हॅश, शून्य, सहा, हॅश असे दाबले असता पडद्यावर आयएमईआय या क्रमांकाबरोबर ईआयडी हा ३२ आकडी क्रमांकही दिसला तर फोनमध्ये ई-सिमची सोय आहे असे समजावे. तो नसेल तरी आपल्याकडील मध्यम किमतीच्या बहुतेक फोनांत दोन सिमांच्या जागा असतातच. मॉरिशसच्या विमानतळावर पारपत्र दाखवून स्थानिक कंपनीचे साधे सिम मिळते. ते दुसऱ्या जागेत घालावे. त्यावर तेथील क्रमांकही मिळतो, जो प्रवाशांसाठी विकल्या जाणाऱ्या बहुतेक ई-सिमांवर मिळत नाही. टॅक्सीवाल्याला किंवा हॉटेलला साधा फोन लावायचा तर त्याची किंमत कळते. केवळ ई-सिमसाठी नवा फोन घेणे म्हणजे नाल स्वस्त मिळाला म्हणून घोडा विकत घेणे.

‘अमर्याद’ या शब्दाचा अर्थ

आता पाकिटात काय आहे ते पाहू. मुळात एका कुटुंबाला आठवडाभरात किती डेटा लागतो? रस्ता दाखवणाऱ्या नकाशाला अगदी थोडा लागतो, आणि बेटाचा नकाशा घरीच उतरवून घेतला तर जवळजवळ लागतच नाही. तासभराच्या व्हिडिओ-संभाषणाला काहीशे एमबी. उच्च दर्जाचा चित्रपट पाहिला तर तासाला ३ जीबीपर्यंत. अर्थात मॉरिशसच्या किनाऱ्यावर बसून जो चित्रपट पाहील त्याच्यासाठी हा लेख नाही. खरा खादाड निराळाच असतो : दिवसभर काढलेली छायाचित्रे आणि चित्रफिती मागच्या मागे साठवणुकीसाठी वर चढवणारी, फोनमधील आपोआप चालणारी सोय. ती हॉटेलच्या वाय-फायपुरती मर्यादित ठेवली तर चौघांच्या कुटुंबाला सात दिवसांसाठी ५ जीबी पुरावेत, आणि ते एकाच फोनवर घेऊन इतरांना हॉटस्पॉटने वाटता यावेत.

पण विक्रेत्याला ५ जीबी विकण्यात गोडी नसते. त्याला ‘अमर्याद’ विकायचे असते. या शब्दाला आपल्याकडे एक ताट-भोजनाचा सुखद वास आहे. प्रत्यक्षात बऱ्याच ‘अमर्याद’ योजनांत दिवसाची एक मर्यादा असते आणि ती ओलांडताच वेग कमी केला जातो, पुष्कळदा सेकंदाला १२८ किलोबिटपर्यंत. हा आकडा सामान्य माणसाला काही सांगत नाही, म्हणून त्रैराशिक मांडून पाहावे. १ जीबी म्हणजे सुमारे ८०० कोटी बिट. सेकंदाला १ लाख २८ हजार बिट या गतीने ते यायला सतरा तासांहून अधिक वेळ लागेल. ३ एमबीचे एक छायाचित्र पाठवायला तीन मिनिटे. म्हणजे वाढपी पंगतीत उभा आहे, ‘हवे तितके घ्या’ असे म्हणतही आहे. फक्त तो तासाला एक पोळी वाढतो. यास अमर्याद म्हणणे शब्दशः खोटे नाही, एवढेच. अशा योजनांत हॉटस्पॉटने वाटून घेण्यावरही अनेकदा बंधन असते, आणि ते कुटुंबाला तेथे गेल्यावर समजते.

मुदतीचेही तसेच. सात दिवस कधी सुरू होतात? काही विक्रेते ते फोनमध्ये उतरवून घेतल्यापासून मोजतात, काही परदेशातील जाळ्याशी पहिल्यांदा जोडल्यापासून. उतरवून घेण्यासाठी इंटरनेट लागते, म्हणून ते घरीच करावे हा सल्ला बरोबर; पण पहिल्या प्रकारच्या विक्रेत्याकडून घेतलेले सिम चार दिवस आधी उतरवून घेतले, तर पोर्ट लुईला पाऊल ठेवण्यापूर्वीच निम्म्याहून अधिक मुदत संपलेली असते. आणि क्यूआर कोड बहुधा एकदाच चालतो. चुकून ते सिम फोनमधून पुसले तर पुन्हा पैसे मोजावे लागतात.

‘मॉरिशस’ या शब्दाचा अर्थही विचारून घ्यावा लागतो. मॉरिशस हे राज्य एका बेटाचे नाही. रॉड्रिग्स हे त्याचेच बेट साडेपाचशेहून अधिक किलोमीटर पूर्वेस आहे. २०१९ मध्ये समुद्रतळातून केबल जाईपर्यंत त्याचा जगाशी संबंध उपग्रहांच्या भरवशावर होता. तेथे जाणाऱ्याने आपले सिम कोणत्या कंपनीच्या जाळ्यावर चालते आणि त्या कंपनीची तेथे सेवा कशी आहे हे पाहणे अगत्याचे. उलट दोनशे किलोमीटरच्या आसपास पश्चिमेस असलेले रेयुनियाँ हे बेट नकाशावर शेजारी दिसते. पण ते फ्रान्सचा भाग आहे आणि म्हणून युरोपीय संघाचाही. जून २०१७ पासून युरोपीय संघात रोमिंगचे जादा आकार रद्द झाले, त्यात रेयुनियाँ आले. दोन्ही बेटे एकाच सहलीत पाहणाऱ्याला मॉरिशसपुरते घेतलेले सिम तेथे मुके होते, आणि ‘युरोप’ असे नाव असलेले सिम हिंदी महासागरात बोलू लागण्याचा संभव असतो. भूगोलापेक्षा साम्राज्यांचा इतिहास येथे अधिक उपयोगी पडतो!

मजकुराची वाट

आतापर्यंत सांगितलेल्या गोष्टी पैशाच्या आहेत. पुढची गोष्ट निराळी आहे. मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुटी असते. कोकणातून आणि मुंबई बंदरातून एकोणिसाव्या शतकात तेथे गेलेल्या मराठी मजुरांच्या वंशजांनी तो उत्सव आजही टिकवला आहे. महाराष्ट्रातून गेलेल्या एखाद्या प्रवाशाने तेथील विसर्जनाची चित्रफीत घरी रत्नागिरीला पाठवली असे समजू. ती कोणत्या वाटेने जाते? २००२ मध्ये सुरू झालेली ‘सेफ’ ही समुद्रतळातील केबल दक्षिण आफ्रिकेहून मॉरिशस, तेथून कोची आणि पुढे मलेशिया अशी टाकलेली आहे. म्हणजे बेटावरून भारताचा किनारा एका केबलच्या अंतरावर आहे. परंतु प्रवासी ई-सिम हे पुष्कळदा मॉरिशसमधील कंपनीचे नसतेच. ते एखाद्या तिसऱ्याच देशातील कंपनीचे असते आणि मॉरिशसमध्ये रोमिंगवर चालते. अशा वेळी मजकूर आधी त्या तिसऱ्या देशात, म्हणजे युरोपात किंवा पूर्व आशियात जातो, आणि तेथून इंटरनेटच्या महासागरात उतरतो. रत्नागिरीचे पत्र हाँगकाँगच्या टपाल कचेरीतून शिक्का मारून यावे, तसा हा प्रकार आहे. त्यामुळे व्हिडिओ-संभाषण अडखळते आणि बँकेचे संकेतस्थळ ‘आपण या देशात कसे?’ म्हणून संशय घेते. शिवाय ज्या देशातून मजकूर जातो तेथील कायद्यांची आणि कंपन्यांची नजर त्याच्या वाटेवर असते.

हे केवळ तर्क नव्हेत. अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२५ मध्ये प्रवासी ई-सिमांची पाहणी प्रसिद्ध केली; तीत ग्राहकाला कल्पनाही नसताना त्याचा मजकूर तिसऱ्या देशांतील, काही बाबतींत चीनमधील, जाळ्यांतून जात असल्याचे आढळले. सहलीच्या छायाचित्रांना कोणी चोरून पाहत बसले आहे असा याचा अर्थ नाही. आजचा बहुतेक मजकूर कुलूपबंदच जातो. पण कोण कोठे आहे, केव्हा आणि कोणाशी जोडला गेला आहे, ही माहिती कुलपाबाहेर राहते.

याची दुसरी बाजूही मांडली पाहिजे. १ नोव्हेंबर २०२४ रोजी, सार्वत्रिक निवडणूक नऊ दिवसांवर आलेली असताना, मॉरिशसमध्ये समाजमाध्यमे ११ नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. राजकीय व्यक्ती आणि इतरांची चोरून ध्वनिमुद्रित केलेली संभाषणे बाहेर फुटू लागली, हे त्यामागचे निमित्त. गदारोळ इतका झाला की दुसऱ्याच दिवशी हुकूम मागे घेण्यात आला. अशा प्रसंगी स्थानिक कंपनीचे सिम असलेल्याला तेथील बंदी लागू होते, आणि ज्याचा मजकूर तिसऱ्या देशातून फिरून येतो त्याला त्या देशाचे नियम. कोणती वाट बरी हे प्रत्येकाने आपल्या गरजेप्रमाणे ठरवावे. घरी रोज बोलायचे असेल तर स्थानिक जोडणी बहुधा अधिक चांगली. प्रश्न वाट निवडण्याचा आहे, आणि निवडण्यासाठी ती आधी माहीत असावी लागते.

नोंदवही आणि माणूस

मोबाईलच्या जोडणीशी माणसाची ओळख बांधून ठेवावी असे सर्वच सरकारांना वाटते. मॉरिशसनेही २०२३ मध्ये सिमधारकांची छायाचित्रासह नव्याने नोंदणी सुरू केली आणि तीवर तेथे वाद झाला. तो वाद समजून घ्यायला पोर्ट लुईच्या बंदरातील आप्रवासी घाटावर जाऊन यावे. १८३४ ते १९२० या काळात सुमारे पाच लाख करारबद्ध मजूर या बेटावर आणले गेले. त्यांची नावे, गावे, जाती, अंगावरील खुणा नोंदवहीत उतरवल्या गेल्या आणि पुढे छायाचित्रेही घेतली गेली. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेले तिकीट जवळ बाळगणे भाग पाडले. ते नसले तर अटक. त्याच नोंदवह्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये जपून ठेवल्या आहेत आणि आज मॉरिशसची माणसे त्यांतून आपल्या पणजोबांचे गाव शोधतात. नोंदवही एकाच वेळी बेडीही असते आणि वारसाही. सिमच्या नोंदणीची तुलना त्या तिकिटाशी करणे अतिशयोक्तीचे होईल. पण छायाचित्र मागणाऱ्या सरकारकडे त्या बेटाने सावधपणे पाहावे, यात आश्चर्य नाही.

आपल्याकडे हीच ओळखीची चिंता निराळ्या रूपाने प्रकट झाली. परदेशी कंपनीचे सिम भारतात विकायचे तर दूरसंचार खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते आणि घेणाऱ्याची कागदपत्रे तपासावी लागतात. जानेवारी २०२२ मध्ये खात्याने या प्रमाणपत्राच्या अटी सुधारल्या. ग्राहकसेवेची सोय, तक्रार वरपर्यंत नेण्याची वाट, तपशीलवार बिल आणि दरांची माहिती या गोष्टी विक्रेत्यावर बंधनकारक केल्या. परदेशी जाणाऱ्या भारतीयाच्या हिताचा विचार करणारी ती सुधारणा होती आणि तिचे श्रेय खात्याला द्यावयास हवे. पुढे दोन वर्षांनी, जानेवारी २०२४ मध्ये, प्रमाणपत्र न घेता ई-सिम विकणाऱ्या दोन मोठ्या परदेशी विक्रेत्यांची ॲप भारतातील दुकानांतून काढण्याचे आणि त्यांची संकेतस्थळे रोखण्याचे आदेश निघाले. अशा सिमांचा वापर करून सायबर फसवणूक होत असल्याचे कारण त्या वेळी पुढे आले. ज्या देशात रोज कोणी ना कोणी वृद्ध माणूस ‘डिजिटल अटके’च्या धमकीने आयुष्याची पुंजी गमावतो, तेथे हे कारण पोकळ आहे असे कोण म्हणेल?

तथापि बंदीने काय साधते हेही पाहिले पाहिजे. विकत घेणे हा एका क्षणाचा व्यवहार आहे. बंदी भारतात, पण प्रवाशाने विमानातून उतरल्यावर विमानतळाच्या वाय-फायवरून तेच ॲप उघडले तर त्याला कोण अडवणार? किंवा परदेशातील भाच्याने क्यूआर कोड पाठवला तर? गुन्हेगाराला तर या वाटा आधीच ठाऊक असतात. अडतो तो शिक्षक, ज्याला घरी बसून, शांतपणे, दोन योजनांची तुलना करून मग पैसे भरायचे होते. शिवाय २०२२ च्या अटींचा लाभ मिळतो तो प्रमाणपत्र घेतलेल्या विक्रेत्याच्या ग्राहकाला. बाहेरून घेतलेल्याला तक्रारीची वाट नाही. आणि त्या अटींतील ‘दरांची माहिती’ या शब्दांत जाळे कोणते, वेग किती, वाट कोणती, मुदत केव्हापासून, यांतील काहीच नावानिशी येत नाही.

बिस्किटाच्या पुड्याचा न्याय

या देशात बिस्किटाचा पुडा विकणाऱ्यावर १९७७ च्या नियमांनी वजन, किंमत आणि तयार करणाऱ्याचे नाव-पत्ता छापण्याचे बंधन आले. २०११ मध्ये ते नियम नव्याने लिहिले गेले. त्या वेळी व्यापाऱ्यांनी कुरकूर केली असेल. पण आज पुड्यावर वजन नसेल तर खेड्यातला मुलगाही तो परत करील. पाच रुपयांच्या पुड्याला जो न्याय लागू आहे तो हजार-दोन हजारांच्या ई-सिमला का नसावा? यासाठी शब्दांचे अवडंबर लागत नाही. विक्रीच्या पानावर, पैसे भरण्याच्या बटणाच्या वर, साध्या भाषेत आणि शक्य तेथे ग्राहकाच्या भाषेत काही ओळी छापाव्यात : सिम कोणत्या देशातील कंपनीचे, भेट दिलेल्या देशात ते कोणत्या जाळ्यावर चालेल, मजकूर कोणत्या देशातून इंटरनेटवर उतरेल, पूर्ण वेगाचा डेटा किती आणि तो संपल्यावर वेग किती, मुदत कोणत्या क्षणापासून, हॉटस्पॉट चालेल की नाही, बोलण्यासाठी क्रमांक आहे की नाही. ‘अमर्याद’ हा शब्द वापरायचा असेल तर वेगाचा आकडा त्याच आकाराच्या अक्षरांत शेजारी असावा.

यावर असा आक्षेप येईल की परदेशी विक्रेता भारताचे ऐकणार कशाला. ज्याला भारतीय ग्राहक हवा आहे तो ऐकेल, कारण या बाजाराचा आकार लहान नाही आणि प्रमाणपत्राखेरीज येथील दुकान बंद होते हे २०२४ मध्ये दिसले आहे. बंदीचा दंडा हातात असेल तर त्याच्या जोरावर माहिती मागता येते. आजवर तो फक्त दार लावण्यासाठी वापरला गेला. आपल्या स्वतःच्या कंपन्यांनाही हा नियम तितकाच लागू व्हावा. त्यांचे रोमिंगचे पॅक जीबीच्या हिशेबात सहसा महाग पडतात, पण त्यांत ओटीपीचा घोळ नाही आणि क्रमांकही आपलाच राहतो. एक-दोन दिवसांच्या फेरीसाठी किंवा ज्याला फोनशी खटपट करण्याचा कंटाळा आहे त्याच्यासाठी तेच शहाणपणाचे ठरू शकते. हे त्यांनी स्पष्ट आकड्यांत मांडले तर त्यांचाही फायदाच आहे. विमानात आणि जहाजावर लागणारे निराळे जाळे त्या पॅकमध्ये येत नाही, ही गोष्टही तळटीपेतून वर आली पाहिजे. सागरी सहलीवर गेलेल्या माणसाच्या हाती हजारोंचे बिल पडते ते बहुधा याच तळटीपेमुळे.

हे काम कोणाचे? दर प्रसिद्ध करण्याचे नियम करणारी ट्राय आहे, प्रमाणपत्र देणारे खाते आहे आणि दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर कारवाई करण्यासाठी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने स्थापलेले केंद्रीय प्राधिकरणही आहे. तिघांपैकी कोणीही सुरुवात केली तरी चालेल. तिघांनी एकमेकांकडे बोट दाखवले नाही म्हणजे झाले. प्रमाणपत्राच्या अटी २०२२ मध्ये बदलल्या, तेव्हा खात्याला संसदेत जावे लागले नव्हते. त्याच अटींत या सात ओळी वाढवण्यासाठीही जावे लागणार नाही.